रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल मिसिंग मारते, पिकअप गेला: आधी स्टॉक मॅप की आधी प्लग-कॉइल?

फिलरगेज (धागाकर्ता)

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकच केस समोर ठेवतो. पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल. कंपनीचे ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. त्यावर स्टेज २ मॅप (ताकद वाढवायला ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकलेली फाइल; कंपनीची मूळ फाइल म्हणजे स्टॉक मॅप), कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट) काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि उघडा कोन फिल्टर. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला पाय दाबला, एक झटका बसला आणि पिकअप गायब. ईपीसीचा (इंजिन-थ्रॉटल नियंत्रणातल्या बिघाडाचा) दिवा लागला, इंजिनचा दिवा उघडझाप करतोय, आयडलला स्टीअरिंग थरथरतंय. स्कॅनरवर तीन कोड: पी०३००, पी०३०३ आणि पी०२९९. म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं), त्यातही तीन नंबरचा सिलिंडर, आणि कमी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब).

ठरलेला सल्ला येतो: "आधी स्टॉक मॅप टाका, मग बघू." माझा याला साफ विरोध आहे. फ्लॅश मारला (ईसीयूत नवी फाइल लिहिली) की बहुतेक वेळा कोड, फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणाचे आकडे) आणि अडॅप्टेशन (ईसीयूने शिकलेल्या दुरुस्त्या) पुसली जातात. बिघाड कोणत्या आरपीएमला, किती लोडवर, कोणता कोड आधी आला, हा सगळा पुरावा तिथेच असतो. दुसरं, आयडलला टर्बो काही करतच नसतो. तिथे स्टॉक आणि स्टेज २ मॅपमध्ये फारसा फरक नसतो. गाडी आयडललाच थरथरत असेल तर मॅपवर संशय घेणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

माझा क्रम असा. दिवा उघडझाप करत असेल तर पाय काढा, गाडी बाजूला घ्या. कोड त्यांच्या किलोमीटर-वेळेसकट उतरवून घ्या, पुसू नका. इंजिन बंद करून १ आणि ३ नंबरच्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) अदलाबदल करा. आता कोड पुसा, पाच मिनिटं चालवा. पी०३०३ चा पी०३०१ झाला तर कॉइल गेली. नाही झाला तर प्लग अदलाबदल करा. खर्च शून्य.

बूस्टगळती

असहमत. तुमचा क्रम मॅप चांगल्या हातचा असेल तरच चालतो. कॅट काढलेल्या गाडीत पी०४२० (कॅट काम करत नसल्याचा कोड) येऊ नये म्हणून मॅपवाला तो कोडच बंद करतो. काही महाभाग त्याच झटक्यात मिसफायरची मर्यादाही सैल करून ठेवतात. मग इंजिन अडखळतंय आणि स्कॅनर म्हणतोय "ऑल ओके". कंपनीची फाइल परत टाकली की ईसीयूचे डोळे उघडतात.

शिवाय "पॉप्स अँड बँग्स" (सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज) असलेला मॅप पाय काढल्यावर मुद्दाम इग्निशन मागे ओढतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि पेट्रोल सोडत राहतो. त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बो भाजतात. असा मॅप आत ठेवून प्लग बदलत बसायचं?

आणि पी०२९९ कडे तुम्ही बघितलंच नाही. कमी बूस्टचा कोड आहे. चार्ज पाइपची (टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणाऱ्या पाइपची) क्लिप निघाली असेल तर झटका, पिकअप गायब, सगळं जुळतं.

फिलरगेज

बंद केलेल्या कोडचा मुद्दा ग्राह्य. पण त्यासाठी फ्लॅश कशाला? लाइव्ह डेटामध्ये प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर वेगळा दिसतो. कोडची मर्यादा सैल केली तरी काउंटर बहुधा मोजत राहतो. इथे तर कोड आलेलाच आहे.

चार्ज पाइपचं मात्र जुळत नाही. ज्या इंजिनात एअरफ्लो मीटर असतो, तिथे पाइप निघाला की मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त पडतं), काळा धूर येतो, इंजिन अडखळतं. या इंजिनात एअरफ्लो मीटर नाहीच. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून आणि तापमानावरून हवा मोजतात. थ्रॉटलच्या आधी गळती झाली तर आत दाब कमी, म्हणून पेट्रोलही त्या प्रमाणात कमी. गाडी गरीब बिचाऱ्या नॉन-टर्बोसारखी चालेल, पण गुळगुळीत चालेल. थरथरणार नाही.

उलट दिशा मात्र शक्य आहे. तीनपैकी एक सिलिंडर मेला की टर्बोला मिळणारा एक्झॉस्ट कमी झाला. कॅटॅलिस्ट वाचवायला ईसीयू त्या सिलिंडरचा इंजेक्टरही बंद करतो. बूस्ट मग मागितल्याइतका भरत नाही आणि पी०२९९ लागतो. म्हणून म्हणतो, कोणता कोड आधी आला ते बघा.

ट्रिमवाला

+१. आणखी एक फसवा कोड: पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न जळलेला ऑक्सिजन लॅम्ब्डा सेन्सरपर्यंत (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) जातो. सेन्सरला वाटतं हवा जास्त आहे, ट्रिम (ईसीयूची पेट्रोल कमी-जास्त करण्याची दुरुस्ती) वर चढतो. लोक मग व्हॅक्यूम होज शोधत फिरतात. मिसफायर चालू असताना ट्रिमचे आकडे वाचून काही निदान करू नका.

टॉर्करेंच

प्लग आणि कॉइलबद्दल नीट लिहितो, कारण निम्म्या केसेस तिथेच संपतात आणि निम्म्या तिथेच बिघडवल्या जातात.

एक नंबरचा सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा, तीन नंबर गिअरबॉक्सच्या बाजूचा. हे उलट धरून चांगली कॉइल फेकणारे कमी नाहीत. कॉइल सरळ वर ओढायची, वाकडी करून नाही, नाहीतर रबरी बूट फाटतो. इंजिन चालू ठेवून कॉइल उपसायची जुनी सवय इथे सोडा.

प्लग काढल्यावर पांढऱ्या सिरॅमिकवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का बघा. असेल तर ठिणगी टोकावर न पडता त्या रेघेवरून बॉडीला उतरते आहे. असा प्लग आणि त्याच्या कॉइलचा बूट, दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर दुसरा नव्याला बिघडवतो. प्लगच्या विहिरीत पाणी आहे का तेही बघा. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून घेतलं की दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू होतं.

गॅप (प्लगच्या टोकांमधलं अंतर): बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. स्टॉक गॅप ०.७-०.८ मिमीच्या आसपास असतो. वाढीव बूस्टवर तो ०.६-०.६५ वर आणतात. वायर गेज वापरा. नाण्यासारखा गोल गेज सरकवला की इरिडियमचं टोक तुटतं. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) प्लग घेताना कंपनी बघा: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. बसवताना इंजिन थंड हवं आणि टॉर्क मॅन्युअलमधलाच.

याच कारणाने स्टॉक मॅपची चाचणी फसवी ठरते. बूस्ट कमी झाला की थकलेली कॉइलसुद्धा काम करते. मिसिंग थांबतं, मॅप दोषी ठरतो आणि मरायला टेकलेली कॉइल आतच राहते.

बूस्टगळती

कॉइलचं मान्य. पण स्टॉकवर गाडी बरी चालली, तर निदान घरी जाता येतं आणि इंजिन वाचतं! तुमच्या चाचण्या होईपर्यंत स्टेज २ च्या बूस्टवर गाडी फिरणार. आणि गरम हवेचं काय? इथे इंटरकूलर पाण्याचा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. त्याचा छोटा पंप बंद पडला किंवा सर्किटमध्ये हवा अडकली तर इनटेकचं तापमान चढतच जातं. वर उघडा कोन फिल्टर, म्हणजे बोनेटखालची भाजकी हवा आत. एप्रिलमध्ये नागपूरला काय होत असेल बघा. ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि पिकअप जातो.

ट्रिमवाला

ते हळूहळू होतं, साहेब. ट्रॅफिकमध्ये वाढतं, हायवेला कमी होतं. "एक झटका आणि गायब" यात ते बसत नाही. आणि फ्लॅश मारायचाच असेल तर बॅटरीला स्टॅबिलायझर लावून मारा. मध्येच व्होल्टेज पडलं की ईसीयू दुरुस्तीच्या टेबलावर.

टाकीफुल

पेट्रोलचा विषय कोणीच काढला नाही. बिघाड टाकी भरल्यानंतर दहा-पंधरा किलोमीटरमध्ये झाला असेल, त्यातही पावसाळ्यात, तर आधी पेट्रोल तपासा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि टाकीतला पंप तळातूनच ओढतो.

चाचणी सोपी आहे: १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल. हलवा, दहा मिनिटं ठेवा. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल; ई१० म्हणजे १० टक्के) असेल तर खालचा थर साधारण २८ मिली दिसेल. पाणी घालायच्या आधीच तळाला थर दिसला तर कॉइलला हात लावू नका, टाकी रिकामी करा.

ई१० वर ट्यून केलेल्या मॅपला ई२० वर सुमारे चार टक्के जास्त इंधन लागतं. हाय-प्रेशर पंप आधीच काठावर असेल तर वरच्या आरपीएमला रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब पडतो, पी०८७ येतो. मागितलेला आणि प्रत्यक्ष रेल दाब एकत्र लॉग करा.

टॉर्करेंच

पी००८७ म्हणायचं असावं. पण खराब पेट्रोल एकट्या तीन नंबरला कसं कळणार? तिन्ही सिलिंडर अडखळायला हवेत.

टाकीफुल

हो, पी००८७. आणि मुद्दा बरोबर, या केसमध्ये पेट्रोल मागे जातं. फक्त पी०३०० असता तर पुढे आलं असतं.

लीकडाउन

कॉइल बदलली, प्लग बदलला, तरी पी०३०३ जागचा हलत नाही. मग काय? इथे "चालवून बघू" म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे, मॅप कोणताही असो.

छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये पाचव्या गिअरला १,५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की वाढीव टॉर्कवर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. यालाच एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. एका फटक्यात पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कडा) तुटते. लक्षणं हुबेहूब हीच: झटका, पिकअप गायब, एकाच सिलिंडरचा मिसफायर. जोडीला डिपस्टिकच्या नळीतून धूर किंवा फुसफुस. तुटका तुकडा आत फिरत असताना आणखी दोन किलोमीटर चालवलं तर सिलिंडरची भिंत खरवडून निघते.

म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचा पुरवठा बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. पाच-सहा फेरे. आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघायचा. दोन सिलिंडर १३ बार आणि तिसरा ८ असेल तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग-पिस्टन, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. मग तो पिस्टन वर आणून हवा भरा: फुसफुस डिपस्टिकमधून आली तर पिस्टन, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

बूस्टगळती

आणि रिंग-लँड तुटली असेल तर ती मॅपनेच तोडली ना? तेच तर म्हणतोय.

लीकडाउन

तोडली असेल. पण स्टॉक फाइल टाकून ती जुळणार आहे का? मॅपला जबाबदार धरायचं तर ते दुरुस्तीनंतर, पुढच्या फाइलमध्ये २,००० च्या खालचा टॉर्क कमी करून घ्या. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं आणि फोक्सवॅगनच्या मान्यतेचं वापरा, एसपीमध्ये एलएसपीआयची चाचणी धरलेली आहे.

ट्रिमवाला

एक जोड. कॉम्प्रेशन ठीक, थंड इंजिनला मिसिंग आणि गरम झाल्यावर बरं, असं असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे टाकीत ओतायचे क्लीनर तिथे पोचत नाहीत. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ब्लास्टिंग करतात, ते लागू पडतं.

बूस्टगळती

ठीक, क्रमात कॉइल आधी घेऊ. पण कोड बंद केलेला मॅप असेल आणि मालकालाच माहीत नसेल काय काय बंद आहे, तर कोड उतरवून झाल्यावर स्टॉक फाइल टाकूनच पुढे जावं, हे मी सोडणार नाही. कॅट काढणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीतल्या बदलांबाबतच्या) बसत नाही, ते वेगळंच.

फिलरगेज

कोड उतरवल्यावर आणि कॉइलची अदलाबदल झाल्यावर टाका, हरकत नाही. फक्त फ्लॅशनंतर अडॅप्टेशन बसायला वेळ लागतो, तोवरच्या ट्रिमवर जाऊ नका. आणि कॉइल परत लावताना कनेक्टरची क्लिप "टक्" वाजली का ते बघा. जुन्या क्लिपचं प्लास्टिक ठिसूळ होतं, ती अर्धवट बसते आणि नवी कॉइल घालूनही तीन नंबरच मिसिंग मारत राहतो.