सहावीतल्या मुलाला ओसीडी आहे, शाळेत नेमकं काय मागू?

देवबागची_आई
आमची मालवणजवळ छोटी खानावळ आहे. मुलगा ११ वर्षांचा. हाताला माशांचा वास येतो, मुलं हसतील, हे त्याच्या डोक्यात बसलंय. मधल्या सुट्टीत नळावर गेला की घंटा झाली तरी परत येत नाही. बोटांची सालं निघालीत. वहीत ‘श’ची गाठ मनासारखी आली नाही की खोडरबर, पानाला भोक पडेपर्यंत. सहामाहीत गणिताच्या पेपरात तीनच गणितं झाली. घरी आल्यावर बाकीची त्याने मला तोंडी सांगितली!

ओरोसच्या डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असं निदान केलंय. गोळी आणि समुपदेशन चालू आहे. सासूबाईंचं म्हणणं, “झिलाक कोणाची तरी नजर लागली हा.” वर्गशिक्षिका म्हणतात, “घरी जरा वळण लावा.” परवा उशीर झाला म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं केलं. शाळेला सांगावं तर गाव एवढंसं, सकाळची गोष्ट संध्याकाळी जेटीवर पोचते. काय मागू, कसं मागू?

कुडाळकरीण
ताई, माझी मुलगी आता दहावीत आहे. आधी आमचं काय चुकलं ते सांगते. आम्ही शाळेकडे सगळीच मोकळीक मागितली: हवं तेव्हा हात धुवू द्या, हवं तितकं पुन्हा लिहू द्या. बाईंनी बिचाऱ्यांनी दिलीही. दोन महिन्यांत त्रास दुप्पट झाला. हात धुतले की घटकाभर बरं वाटतं, मग मन पुन्हा तेच मागतं. उपचार नेमका उलटा असतो. भीती वाटू द्यायची आणि तरी धुवायचं नाही, पायरीपायरीनं. म्हणून सवलत अशी मागा, जी आजाराला खतपाणी घालणार नाही.

आम्ही पेन्सिलऐवजी पेन घेतलं. चुकलं तर एकच आडवी रेघ, आणि अक्षराचे गुण कापायचे नाहीत. फळ्यावरचं लिहून घेणं निम्म्यावर आणलं. ती सारखी “बरोबर आहे ना?” विचारायची, बाई एकदाच उत्तर द्यायच्या, नंतर फक्त “तुला माहीत आहे.” नळावर कधी आणि किती वेळ, हे समुपदेशकांनी ठरवून दिलं होतं. हे सगळं एकाच बाईंना माहीत होतं. वर्गाला कशाला सांगायचं?

निवृत्त_मास्तर
तोंडी बोलू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, पोच घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. परीक्षेत जादा वेळ देण्यासारखे बदल कलम १७ मध्ये लिहिलेत. बोर्डाच्या परीक्षेसाठी प्रमाणपत्राचा प्रश्न येईल, पण तो पुढे, शाळेमार्फत. तोवर कदाचित गरजही उरणार नाही. बाहेर उभं करण्याबद्दल: शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. अर्जात भांडण नको, एक ओळ पुरे.

मीही एकदा खाडाखोडीवरून एका मुलीला तासभर उभी केली होती. तेव्हा हा शब्दही माहीत नव्हता.

रामेश्वरकृपा
देवासमोर नारळ ठेवा, गोळ्यांनी मुलं सुस्त होतात.

देवबागची_आई
नारळ सासूबाईंनी कधीच ठेवला, गोळीही चालू आहे. दोघांचं भांडण नाही. 🙂

मास्तर, सोमवारी अर्ज देते. ताई, एक विचारू? खोडरबर कंपासमधून आजच काढून टाकू का?

कुडाळकरीण
नको हो! आमच्याकडे मी असाच लपवला, तर पोरीनं थुंकी लावून बोटानं खोडलं. समुपदेशकांना विचारून, आधी एका विषयाच्या वहीपुरता बंद करा. मराठीची वही शेवटी. पावसात ओरोसला जाणं जमलं नाही तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात.