पुणे-नाशिक रेल्वे आणि खोडदची दुर्बीण: वाट कुणी बदलायची?

दक्षिणायन (मूळ लेखन):
पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वेचा जुना आराखडा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता. सुमारे २३५ किलोमीटर, ताशी २०० किलोमीटरचा वेग. तो बाजूला पडला आणि आता अहिल्यानगर-शिर्डीवरून जाण्याचं चाललंय. कारण सांगितलं गेलं ते जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं. तेव्हापासून "तीस तबकड्यांपायी आमच्या तालुक्यांचं वाटोळं" हे वाक्य कानावर पडतंय. मला ते मान्य नाही. रेल्वेने वळसा घ्यावा हेच बरोबर आहे.

आधी दुर्बीण काय आहे ते बघू. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा खोडदला मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. टोकाटोकांतलं अंतर २५ किलोमीटर. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तबकडी भरीव पत्र्याची न करता दोरांच्या सांगाड्यावर ताणलेल्या बारीक स्टीलच्या जाळीची केली. जवळ उभं राहिलं तर जाळीतून आरपार आकाश दिसतं. वारा त्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका राहिला आणि एवढी मोठी दुर्बीण भारताला परवडली.

आता शांततेचा, म्हणजे आसपास दुसऱ्या रेडिओ लहरींचा गोंगाट नसण्याचा मुद्दा. अवकाशातल्या हायड्रोजनचा मूळ रेडिओ संकेत १४२० मेगाहर्ट्झचा. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेल्या संकेताची कंप्रता आपल्यापर्यंत येताना खाली घसरते. जीएमआरटीने टिपलेला असा एक संकेत २०२३ साली जाहीर झाला. तो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता आणि खोडदला पोचला तेव्हा ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास होता. म्हणजे टीव्हीच्या आणि मोबाईलच्या पट्ट्यांच्या अगदी शेजारी! तोही मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने मोठा झाला म्हणून हाती लागला. इतक्या क्षीण आवाजाशेजारी आपण रेल्वे न्यायची म्हणतोय.

आणि हा फक्त खगोलशास्त्रज्ञांचा हट्ट नाही. एसकेए ही जगातली सगळ्यांत मोठी रेडिओ दुर्बीण दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात उभी राहतेय. ती चालवणारी नियंत्रणप्रणाली आखायचं नेतृत्व जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे आलं, टीसीएसचे अभियंते त्यात होते. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने या सहभागासाठी १२५० कोटी मंजूर केले. खोडद चालवून दाखवलं नसतं तर हे काम पुण्याला कुणी दिलं असतं? हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत बहुतेक काम परदेशातून सांगितलेलं येतं. हे काम इथल्या अनुभवाच्या जोरावर आलं.

कुकडीकाठ:
दादा, लिहिलंय छान, पण पुण्यात बसून. मी जुन्नर तालुक्यातला, नोकरी हिंजवडीत. शुक्रवारी संध्याकाळी गावाकडे निघालो की चाकणच्या चौकात गाडी जी अडकते ती अडकतेच, पुढे राजगुरुनगरला पुन्हा तेच. घरी आई ताट झाकून बसलेली असते. नारायणगावचा टोमॅटो पार परराज्यांत जातो, तोही याच रस्त्याने. रेल्वे आली असती तर काय फरक पडला असता हे आम्हाला आकडेमोड करून सांगायला नको.

तुम्ही म्हणता रेल्वेने वळसा घ्यावा. रेल्वेला काय, तिला रूळ टाकले की झालं. वळसा आम्हाला पडणार. आणि ही पहिली वेळ नाही. इथे कारखाना काढायचा तर दुर्बिणीचं ना हरकत आणा. चाकण वाढलं, रांजणगाव वाढलं, आमच्याकडे काय आलं? शाळेतली पोरं २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, रांगा लावून दुर्बीण बघून येतात आणि बारावी झाली की पुण्याला खोली शोधतात. मीही तसाच आलो.

विज्ञानाचा राग नाही आमच्या लोकांना. दुर्बिणीच्याही आधी, १९७१ ला आर्वीला उपग्रह भूकेंद्र झालं, देशातलं पहिलं व्यावसायिक. त्याचाही अभिमान आहे. पण देशाच्या कामासाठी दर वेळी याच तालुक्याने गप्प बसायचं, हे किती पिढ्या चालायचं?

जोडणीवाला:
मी चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात आहे. मला हा वादच अर्धवट वाटतो. दुर्बिणीजवळचा टप्पा भुयारातून न्या. डोक्यावर खडक असला की रेडिओ लहरी बाहेर येतीलच कशा? नाहीतर तेवढ्या भागात वरची तार न लावता बॅटरीवर गाडी काढा. परदेशात अशा गाड्या चालतात. लगेच एवढं लांबून फिरायचं, ही कसली अभियांत्रिकी?

श्रवणतारा:
जोडणीवाला, मी रेडिओ खगोलशास्त्रातच संशोधन करते, म्हणून थोडं सांगते. पँटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, तारेवर घासताना ठिणगी पडते आणि तिचा गोंगाट एका कंप्रतेवर थांबत नाही, लांबरुंद पट्ट्यात पसरतो. तो भुयाराने अडेल हे खरं. पण गाडी भुयारातून बाहेर पडणारच ना? शिवाय डब्यातली इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नलसाठीचा बिनतारी संपर्क, शेकडो प्रवाशांचे फोन. या सगळ्यापेक्षा मला भीती स्टेशननंतरच्या वाढीची वाटते. स्टेशन झालं की दोन वर्षांत प्लॉटिंग, गोदामं, टॉवर. रेल्वेची वेळ ठरलेली असते, तेवढी निरीक्षणं टाळता येतील. वस्तीची वेळ ठरलेली नसते.

आमच्याकडे आपलाच गोंगाट दाबायला केवढा खटाटोप असतो! संगणक, वीजपुरवठ्याची यंत्रं धातूच्या बंद खोल्यांत ठेवावी लागतात. आपल्याच दुर्बिणीला आपल्याच संगणकाचा त्रास होतो, मग बाहेरचं काय सांगावं.

अमेरिकेने ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणींभोवती १९५८ पासून शांत क्षेत्र राखलंय. दक्षिण आफ्रिकेने तर २००७ साली खास कायदा केला. आपल्याकडे एवढं भक्कम कवच नाही, म्हणून प्रत्येक प्रकल्पावेळी नव्याने भांडायची पाळी येते.

कुकडीकाठ:
ताई, म्हणजे तुमचं म्हणणं असं झालं, की आमच्याकडे वस्तीच वाढू नये?

श्रवणतारा:
तसं नाही हो. पण प्रश्न चुकीचा नाही, टाळतही नाही. दुर्बिणीजवळ दाट वस्ती आणि कारखाने वाढले तर दुर्बीण संपेल. एवढं मला सरळ सांगावंच लागेल.

मावळतीकर:
नाशिक महामार्ग नारायणगावजवळूनच जातो, त्यावर रोज हजारो फोन धावतात. तो चालतो आणि रेल्वे चालत नाही?

श्रवणतारा:
महामार्ग दुर्बिणीच्या आधीपासून आहे, त्याचा त्रास धरूनच काम चालतं. रेल्वे मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार जुना मार्ग दुर्बिणीच्या क्षेत्रातूनच जात होता. आधीच त्रास आहे म्हणून आणखी भर घालावी, हे मला पटत नाही.

दक्षिणायन:
कुकडीकाठ, तुमचा राग समजतो. तरी माझं मत तेच आहे. रूळ दुसरीकडून नेता येतात. दुर्बीण उचलून नेता येत नाही. सह्याद्रीच्या डोंगरांच्या आडोशाला ही जागा शोधून काढली होती. पण तालुक्याने देशासाठी काही सोडलं असेल तर देशाने ते भरून द्यायला हवं आणि मोघम आश्वासनांनी नव्हे. चाकण ते नारायणगाव रस्ता आधी मोकळा करा. दुर्बिणीला न बोचणारे उद्योग तिथे चालतील: शीतगृहं, टोमॅटो-द्राक्षांवर प्रक्रिया, तीही तपासलेल्या यंत्रांवर. दुर्बिणीसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण देणारी संस्था जुन्नरलाच काढा. खोडदच्या मुलाने खोडदच्या तबकडीची दुरुस्ती शिकायला पुण्याला का यावं?

जोडणीवाला:
संस्था काढा, शीतगृह काढा, हे वीस वर्षं ऐकतोय. रेल्वे निदान कागदावर तरी आली होती. सिन्नरकडे जमिनींची खरेदीखतंसुद्धा झाली होती.

कुकडीकाठ:
शिक्षणाची सूचना मला आवडली, लिहून ठेवतो. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. भुयार, बॅटरी, तार नसलेला टप्पा, प्रत्येक पर्यायात दुर्बिणीपाशी गोंगाट किती पोचतो आणि किती चालतो, याची मोजणी मराठीत छापून नारायणगावच्या ग्रामसभेत ठेवा. श्रवणताराताईंसारखं कुणीतरी समोर बसून समजावून सांगा, आमच्या प्रश्नांना उत्तरं द्या. तेवढं करून "जमत नाही" म्हणालात तर मी स्वतः गावात तुमच्या बाजूने बोलेन. आजवर आम्ही निर्णय पेपरात वाचला.

श्रवणतारा:
ग्रामसभा कधी असते ते कळवा. मी येते.