लग्नाची तारीख आधी कळवणं: आपल्या बेळगाव भागातले अनुभव सांगा

शहापूरची अक्का
काल रात्री बेंगळूरहून भाचीनं फोनवर छोटा व्हिडिओ पाठवला. दोघांचे फोटो, सनई, आणि खाली डिसेंबरातली तारीख. "ही तारीख राखून ठेवा, पत्रिका मागाहून येईल." हॉल ठरलेला नाही, बस्ता नाही, अजून फेब्रुवारी चाललाय. घरात लगेच दोन तट पडले. काकी म्हणाल्या, पत्रिका देवापुढं ठेवल्याशिवाय तारीख फोडायची नसते. मला मात्र आमचा आज्जा आठवला.

याद झाली, म्हणजे लग्नाची बोलणी पक्की होऊन कागदावर आली, की आज्जा घराबाहेर. धोतर, कोट, टोपी, आणि कोटाच्या खिशात हळदीनं रंगवलेल्या अक्षतांची पुडी. लोंढा बाजूला रेल्वेनं, गडहिंग्लज-चंदगड बाजूला एसटीनं, बैलहोंगलला त्याच्या जुन्या कन्नड दोस्ताकडं. पत्रिका अजून छापखान्यातही गेलेली नसायची. उंबऱ्यातच सांगायचा, "माघ वद्य पंचमी, गुरुवार. थोरलीची अक्षता. चूलबंद यायचं, घरात कोण राहायचं नाही." इंग्रजी तारीख त्याच्या तोंडात कधी आली नाही, गरजही पडली नाही. आपल्याकडं काय आणि महाराष्ट्रात काय, महिना अमावास्येलाच संपतो, शकही शालिवाहनच. बैलहोंगलची माघ वद्य पंचमी तीच गडहिंग्लजची.

पत्रिका नंतर निघायची. पहिली कुलदैवताला, मग गावदेवाला, मग पावण्यांना. पण ती हातात पडेपर्यंत आत्तीनं शेवया वळून ठेवलेल्या असायच्या, मामानं गाडी सांगून ठेवलेली असायची. मला आधी कळवण्यातलं मोल हे वाटतं. पत्रिका बघून येतो तो जेवायला येतो, आधी कळलेला असतो तो कामाला येतो. आपली नाती तर कर्नाटकात, महाराष्ट्रात आणि गोव्यात विखुरलेली. म्हणून मी भाचीच्या बाजूनं. तुमच्याकडं कसं झालं ते लिहा.

मच्छेचा फौजी (निवृत्त)
आमच्यात मुहूर्त नंतर, रजा आधी. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळं आजूबाजूच्या गावांत घरटी कोण ना कोण तरी फौजेत. वर्षाला ६० दिवस रजा आणि ३० दिवस कॅज्युअल, पण पाहिजे तेव्हा मिळेल असं नाही. मी तेव्हा अरुणाचलात. वडलांनी भटजींकडून तीन मुहूर्त काढून घेतले आणि तिन्ही मला फोनवर सांगितले. मी साहेबांपुढं तिन्ही ठेवले. त्यांनी मधला मंजूर केला. पोरीकडच्यांना तारीख कळली ती अशी, अरुणाचलातून ठरून. सासरे अजून सांगतात, आमचा मुहूर्त साहेबांनी काढला.

खानापूरची सून
फौजी दादा, आमच्या दिराचं पण सेम!! साखरपुड्याला नवरदेव नव्हताच, व्हिडिओ कॉलवर उभा होता.

कडोलीची वैनी
काकींचं पण चूक म्हणू नका अक्का. आमच्या सासूबाई बस्ता बांधल्याशिवाय तारीख सांगू देत नव्हत्या. दृष्टीचं कारण सांगायच्या, पण खरं कारण मला नंतर कळलं. त्यांच्या बहिणीचं लग्न तारीख सांगून झाल्यावर मोडलं होतं आणि गल्लीतल्या बायका वर्षभर विचारत होत्या. त्या पोरीनं बाहेर पडायचं सोडलं होतं म्हणे. म्हणून मला वाटतं जवळच्यांना आधी सांगावं, सगळ्या गावाला नको. भाकरी करपाय लागली, जातो.

निपाणीकर
कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरचा कोगनोळी नाका. एवढंच लिहिलं तरी २०२१ ला लग्न केलेल्यांना कळेल.
बहिणीची तारीख सहा महिने आधी सगळ्यांना सांगितलेली. मामा हद्दीपलीकडच्या कागलचा. कागल म्हणजे आमच्यासाठी शेजार, बाजाराला जातो आम्ही. तेवढ्यात महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट पाहिजे असा नियम झाला. वर माणसांवर मर्यादा. मामाचा रिपोर्ट वेळेत येईना. पोरीच्या पाठीमागं मामा नाही तर अक्षता कशी टाकायची? आई म्हणाली, तारीख बदला, पण भाऊ पाहिजे. बदलली. परत सगळ्यांना फोन. ह्या वेळी मामा दोन दिवस आधीच येऊन राहिला.

खानापूरची सून
आई ग्रेट 🙏

उचगावकर
निपाणीकर, आमचा चुलतभाऊ त्याच काळात नाक्यावरून परत गेला. त्यानं तिथंच हायवेच्या कडेला उभारून मोबाईलवर लग्न बघितलं आणि तिथूनच अक्षता टाकल्या. खरोखरच्या, वैनीनं डब्यात दिलेल्या.

गुरुजी, टिळकवाडी
तारीख ठरवणाऱ्यांना एक विनंती. शाळांच्या सुट्ट्या बघा. आपल्या कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात. महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. म्हणजे कोल्हापूरची भाचरं आणि बेळगावची भाचरं दोन्ही मोकळी असा काळ मे महिनाच. दसऱ्याला आमची मोठी सुट्टी, त्यांची दिवाळीला. त्यात यंदा, २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. म्हणजे दोन्हीकडची पोरं सुट्टीत असून मुहूर्त असलेले दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यातच.

दुसरं म्हणजे निवडणूक. २०२३ साली आमच्या घरचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तारीख दिवाळीतच सगळ्यांना सांगितलेली. २९ मार्चला निवडणूक जाहीर झाली, मतदान १० मे. आमचे निम्मे पावणे शिक्षक! एकेकाला ड्युटीचे आदेश यायला लागले. शिवाय आचारसंहितेत ५० हजारांच्या वर रोकड जवळ बाळगायची तर कागद दाखवायला लागतात, आणि आमचं सोनं, बस्ता सगळं त्याच दिवसांत. मी स्वतः बिलं, पासबुक, पत्रिका एका पिशवीत घेऊन फिरत होतो. नाक्यावरच्या पोलिसानं पत्रिका वाचली आणि "मदुवे?" म्हणजे "लग्न का?" असं विचारून हसून सोडलं.

मंडपवाला
गुरुजींचं बरोबर. मेच्या पहिल्या पंधरवड्यासाठी लोक तुळशीच्या लग्नापासून विचारूलेत. तारीख नातेवाइकांना सांगायच्या आधी आचाऱ्याला सांगा, मंडपवाल्याला सांगा, वाजंत्र्याला सांगा. नातेवाईक थांबतील.

कडोलीची वैनी
मंडपवाले दादा, बुंदीला एका माणसामागं किती धरता वो? आमच्या गल्लीत हळदीचं जेवण आहे.

मंडपवाला
वैनी, मला मंडप विचारा. बुंदी आचारी सांगेल 😀

हुक्केरीची लेक-सून
माहेर मराठी, सासर कन्नड लिंगायत. बाबा तारीख सांगायला आले ते पानसुपारी घेऊन. माझ्या सासऱ्यांना मराठी येतं, पण आज्जी सासूला नाही. बाबांना कन्नड बोलायला येतं, वाचायला नाही. दोघं जोत्यावर बसले. बाबा तिथी सांगणार, आज्जी बोटांच्या पेरांवर मोजून मान हलवणार. "पौर्णिमेनंतर चौथा दिवस, होय ना?" एवढं पक्कं झाल्यावरच तिनं पान हातात घेतलं. नंतर पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड अशी छापली. बाबांनी आपल्या हातानं एक आज्जीला नेऊन दिली, तर ती म्हणाली, ही कशाला, तू सांगून गेलायस की!
ह्या लग्नासाठी दोन्हीकडच्या लोकांनी काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. पण ती दोन म्हातारी माणसं जोत्यावर बसलेली मी खिडकीतून बघत होतो आणि मला तेव्हाच वाटलं, निभेल.

शहापूरची अक्का
किती छान लिहिलंस गे. आमच्या आज्जाचा बैलहोंगलचा दोस्त असाच. आमच्या प्रत्येक लग्नाला गोकाकचं करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घेऊन यायचा.

येळ्ळूरची पोर
आई आणि दोन मावश्या दादाच्या लग्नाचं बोलावणं करायला निघाल्या ते सगळं लाल बसनं. शक्ती योजनेत, जून २०२३ पासून, आपल्याकडं बायकांना बस फुकट ना. खानापूर, नंदगड, हुक्केरी, संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी सगळं झिरो तिकिटात. निपाणीच्या पुढं एसटीत बसल्या, तिथं बायकांना अर्धं तिकीट. मावशीनं सगळी तिकिटं जपून ठेवली आणि बाबांना दाखवून म्हणाली, बघा किती वाचवले, एक साडी द्या. शहापूरची साडी मिळाली पण तिला!

पुण्यात अडकलेला बेळगावकर
गल्फ आणि पुण्या-मुंबईवाल्यांसाठी लिहितो. रेल्वेचं रिझर्व्हेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी. चालुक्य एक्स्प्रेस असो, हुबळी-दादर असो, लग्नसराईत बघता बघता वेटिंग. म्हणून तारीख निदान अडीच महिने आधी तरी सांगा हो. पंधरा दिवस आधी पत्रिकेचा फोटो टाकून "नक्की या" म्हणता, आम्ही रात्रभर बसमध्ये उभे राहून येतो. येतोच, पण लहान पोरं असतात.

चंदगडचा भाचा
पुणेकर, लक्झरीनं या की. बसूनच येशील 😀

पुण्यात अडकलेला बेळगावकर
लग्नाच्या तिथीला तिकीट काय होतंय बघ एकदा.

अनगोळकर
माझं थोडं वेगळं आहे. बाबांनी बहिणीच्या लग्नाची तारीख घरोघर जाऊन सांगितली होती, अक्षता देऊन. पत्रिका छापायच्या आत बाबा गेले. आम्ही लग्न तीन महिने पुढं ढकललं आणि सगळ्यांना कळवलं. जुन्या तारखेला सकाळी दार वाजलं. जांबोटीकडची थोरली आत्ती. काठी टेकत, पिशवीत तांदूळ आणि नारळ. मला वाटलं निरोप पोचला नाही. तर म्हणाली, "निरोप मिळाला रे. पण आजची तारीख माझ्या भावानं सांगितलेली. मी घरात कशी बसू?" दिवसभर आईजवळ बसली. जेवली, आणि संध्याकाळच्या बसनं गेली. तीन महिन्यांनी परत आली, लग्नाला.
आज बाबांबद्दल बोलायचं नव्हतं, पण अक्कांनी आज्जाच्या खिशातल्या पुडीचं लिहिलं आणि राहावलं नाही.

मच्छेचा फौजी (निवृत्त)
दादा 🙏

कडोलीची वैनी
डोळ्यांत पाणी आलं. आत्ती आहेत का अजून?

अनगोळकर
आहे की. परवाच फोन आला, काजूला मोहोर चांगला आलाय म्हणून.

उचगावकर
लग्नाचं सोडा, गावाच्या लक्ष्मी यात्रेची तारीख कशी फिरते बघा. यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा, तीही देवीच्या अक्षतेनं सुरू होते, म्हणजे एका परीनं लग्नच. गावकी बसून तारीख काढते आणि त्या दिवसापासून लेकींना फोन. वर्ष आधी! घरांना रंग, पत्रे बदलणं, पाण्याच्या टाक्या. लेकी सासरी त्या तारखेला दुसरं काही ठरवूच देत नाहीत. यात्रा जवळ आली की घरातली लग्नंसुद्धा त्याच्या अलीकडं-पलीकडं सरकवतात. आधी कळवायचं शिकायचं तर गावकीकडून शिकावं.

येळ्ळूरची पोर
अक्का, एक विचारायचं राहिलं. डिसेंबरात कधी? आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा गावात लॉज मिळत नाही, भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत, पोलीस बंदोबस्त सगळीकडं.

शहापूरची अक्का
अगं हो!! भाचीला बेंगळूरात बसून हे कुठलं कळणार. अधिवेशनाच्या तारखा जाहीर व्हायला अजून कितीतरी अवकाश. ती पन्नास माणसं लॉजवर उतरवणार म्हणत होती.

मंडपवाला
लॉजचा नाद सोडा. आत्ताच तारीख कळलीय तर गल्लीतल्या घरांत सांगून ठेवा. चार घरं वरच्या खोल्या देतील, गाद्या मी देतो.

अनगोळकर
आमचा वरचा मजला मोकळा आहे अक्का. बाथरूम वेगळं, पाणी तापवायचा बंब आहे. दहा-बारा माणसं आरामात. तारीख मेसेज करा, लिहून ठेवतो.

शहापूरची अक्का
केला बघा मेसेज. काकींना पण सांगितलं, आता त्याच खोल्या मोजूलेत.