मदत हवी आहे: टार्डिग्रेडचा वंश कोणता, मेसोबायोटस की पॅरामॅक्रोबायोटस?

महाबळेश्वरच्या झाडांवरचं वाळलेलं शेवाळ सोलापुरात आणून रात्रभर भिजवलं. त्यातले ११ टार्डिग्रेड (आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) होयर माध्यमात, म्हणजे नमुना काचपट्टीवर टिकवणाऱ्या द्रवात, बसवून सूक्ष्मदर्शकाच्या १००च्या ऑइल भिंगाखाली, फेज कॉन्ट्रास्टमध्ये (पारदर्शक भाग उठून दिसणाऱ्या प्रकाशात) पाहिले. नख्या वाय आकाराच्या, घशात तीन मॅक्रोप्लॅकॉइड (घशातले कडक दांडीसारखे भाग) आणि मागे एक बारीक मायक्रोप्लॅकॉइड (तसाच, पण छोटा भाग).

खरी अडचण इथेच आहे. मायक्रोप्लॅकॉइड तिसऱ्या मॅक्रोप्लॅकॉइडला अगदी खेटून असेल तर मेसोबायोटस, त्याच्या स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर असेल तर पॅरामॅक्रोबायोटस. पण बहुतेक प्राणी कुशीवर वळलेत. फोकस जरा हलवला की अंतर बदलतं. कव्हरस्लिप (वरची पातळ काच) दाबली तर घसाच चपटा होतो.

ओळख पटवायला अंडीही सापडली नाहीत. डीएनए किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची सोय नाही. शेवाळ मूठभर उरलंय. प्राणी न दाबता पोटावर सरळ कसा बसवायचा?