मदत हवी आहे: पाटीवर शेफचं नाव, तरी त्यालाच प्रवेशबंदी?

एनबीसी या अमेरिकन वाहिनीवरची ‘द रेस्टॉरंट’ (2003-04) ही रिअॅलिटी मालिका नुकतीच पाहून संपवली आणि डोक्यातून जातच नाहीये. त्यात न्यूयॉर्कमधलं ‘रॉकोज’ हे खरंखुरं रेस्टॉरंट. शेफ रॉको डिस्पिरिटो, पैसा जेफ्री चोडोरोचा. दुसऱ्या पर्वात भांडण तोट्यावरून: मालक म्हणतो, शेफ स्वयंपाकघरात दिसतच नाही. वाद कोर्टात गेला. 2004 मध्ये रॉकोलाच तिथे पाऊल टाकायला मनाई झाली, पुढे रेस्टॉरंटही बंद पडलं. मला फार वाईट वाटलं, त्याची आईही तिथे राबायची हो!

अमेरिकेतले भागीदारी कायदे जाणणारं कुणी आहे का? नाव एकाचं, भांडवल दुसऱ्याचं असताना करारात नेमकं काय असलं की असा मनाई हुकूम मिळतो? आणि नावाचा हक्क कुणाकडे राहतो? कृपया सविस्तर सांगा.