पाळकाच्या घरात झोप नाही, मदत हवी आहे (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. गावाचं नाव लिहीत नाही, आमच्या भागात ओळख लगेच पटते.

माझे मिस्टर पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री आहेत. तीन गावांच्या मंडळ्या सांभाळतात. रविवारी सकाळी एका गावी उपासना, दुपारी मोटरसायकलवर दुसऱ्या गावी. त्याची सवय आहे. पण पोळ्यापासून त्यांनी दोन दफनविधी केले, दोघंही कर्जापायी जीव दिलेले शेतकरी. त्यातल्या एकाचं लग्न यांनीच लावलं होतं. तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओट्यावर बसलेले असतात. उपदेश लिहायला बसतात, कागद कोराच राहतो. परवा म्हणाले, "सकाळी उठूच नाई असं वाटते."

मी घाबरले. त्याच रात्री टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावला. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. ताई मराठीत बोलल्या. एकटं सोडू नका, जिवाचं काही मनात येतं का ते सरळ विचारा, आणि डॉक्टरांना दाखवाच, म्हणाल्या. मी विचारलं. ते रडले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये दाखवता येईल. पण 2017 मध्ये फवारणीची विषबाधा झालेले शेतकरी तिथे भरती होते, तेव्हा हे त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायचे. आता तिथेच केसपेपर काढायचा म्हटलं की, "मंडळीतलं कोणी पाहिलं तं? काय सांगू त्यायले?"

वरिष्ठांना सांगितलं, तर ते म्हणाले, प्रार्थनेत कमी पडता. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, निखाऱ्यावरची भाकर दिली. बोल लावला नाही. हे मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पाळकाच्या घरातलं कोणी यातून गेलं असेल, तर त्यांना डॉक्टरकडे यायला तयार कसं केलं? वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तर ओळखीचं कोणी भेटणार नाही, पण दर वेळी एवढं जाणं झेपेल का? आणि महिनाभर सुट्टी मागायची, तर मंडळीच्या पंचांपुढे काय सांगायचं? राहतं घर मंडळीचं आहे, त्याचीही धाकधूक आहे.

फोन दोघांचा एकच आहे. ते संध्याकाळी भेटीगाठींना निघतात, तेव्हा मी उत्तरं वाचीन.