मदत हवी आहे: ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि म्हशीच्या दुधाचं फॅट घसरलं, काय करावं?

तबेल्याची_सून:

नमस्कार मंडळी. आरे कॉलनीत आमचा तबेला आहे, चाळीसेक म्हशी, बहुतेक मुऱ्हा आणि थोड्या जाफराबादी. सासरे आणि नवरा जनावरांचं बघतात, मी हिशेब, रतीब, व्हॉट्सॲप ग्रुप आणि लोकांची बोलणी बघते. यातलं शेवटचं खातं सध्या फारच वाढलंय म्हणून इथे लिहितेय.

तर झालंय असं की गणपतीपर्यंत फॅट सात-सव्वासात लागत होतं ते नवरात्र संपता संपता ५.८ वर आलंय. एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मात्र ९ च्या आसपास जिथल्या तिथे. दूध कमी झालेलं नाही, उलट वाढलंय, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात व्यालेल्या म्हशीच जास्त आहेत. अर्धं दूध एका डेअरीला जातं, तिथे ६.० फॅट ९.० एसएनएफ धरून भाव आणि त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात, ते एक वेळ समजू शकते. पण घरोघरच्या रतीबाचं काय करू? सायच येत नाही, तूप निघत नाही, तुमच्या पोराने वाटेत नळ सोडला का, असले मेसेज. एका सोसायटीतल्या काकांनी तर ऑनलाइन लॅक्टोमीटर (दुधात पाणी आहे का बघायचं यंत्र) मागवलाय आणि रोज सकाळी त्याचा फोटो लाल गोल करून ग्रुपवर टाकतात. गंमत म्हणजे त्यांच्या खिडकीतून आमचा तबेला दिसतो. १९४९ साली म्हशी शहराबाहेर न्यायच्या म्हणून ही कॉलनी वसवली, आता शहरच तिच्या चारी बाजूंनी येऊन उभं राहिलंय.

चारापाणी सांगते. यंदा पाऊस लांबला त्यामुळे पॅरा गवत कमरेएवढं आलंय आणि स्वस्त पडतंय. कडबा मात्र फेब्रुवारी-मार्चमधलाच शिल्लक, भाव आकाशाला, नवीन यायला अजून चार-पाच महिने, त्यामुळे नावापुरताच घालतात. खुराकात सरकी पेंड, तूर चुणी, गव्हाचा भुसा. शेण पातळ पडतंय. पाऊस गेल्यापासून पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, म्हशी तोंड उघडं टाकून धापा टाकतात, लाळ गळते, पाइपने पाणी मारतो तेवढ्यापुरतं बरं. डॉक्टर येऊन गेले, कासदाह वगैरे नाही म्हणाले, सडं ठीक आहेत. लाळ्या-खुरकूतची लस पण याच महिन्यात झाली, कानात बिल्ले आहेत सगळ्यांच्या, तर लसीने पण दूध बिघडतं का?

सासऱ्यांचं म्हणणं दर शरदात असंच होतं, थंडी पडली की आपोआप वर येतं, उगाच डोकं लावू नका. पण थंडी मुंबईत कधी पडणार आणि किती पडणार! त्याआधी दिवाळी आहे, बासुंदीवाले, खव्यावाले सगळे आत्ताच दूध मागतात. बायपास फॅट नावाची खुराकात घालायची चरबीची पावडर एक दुकानदार रोज गळ्यात मारतोय, घ्यावी का? की चाराच बदलावा, पण कडब्याच्या भावात काय बदलणार? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

जनावरांचा_डॉक्टर (निवृत्त):

ताई, आधी पाण्याचा विषय संपवा. दुधात पाणी घातलं तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही खाली येतात. तुमचं एसएनएफ ९ वर टिकलंय आणि नुसतं फॅट उतरलंय, म्हणजे पाणी नाही. डेअरीच्या स्लिपचा फोटो त्या काकांच्या फोटोखाली टाका.

आता कारण. एक नाही, तीन-चार एकदम आलीत आणि ती सगळी या ऋतूचीच आहेत. म्हैस मुळात दिवस लहान व्हायला लागले की माजावर येते, साधारण दहा महिने गाभण राहते, म्हणून पावसाळा सरताना व्यायलेल्या म्हशींचीच गर्दी असते. ताज्या म्हशीचं दूध भरपूर आणि फॅट कमी, जसजसं वेत (व्यायल्यापासूनचा दुधाचा काळ) जुनं होईल तसतसं दूध उतरतं आणि फॅट चढतं. तुमचे सासरे थंडीचं म्हणतात ते खोटं नाही, पण थोडं श्रेय थंडीचं आणि थोडं वेताचं आहे.

दुसरं, कोवळं गवत. दिसायला हिरवंगार पण त्यात बहुतेक पाणी आणि धागा (चावून रवंथ करावा लागणारा चोथा) कमी. दुधातलं फॅट बनायला पोटात ज्या आम्लाची गरज असते ते धाग्याच्या चाऱ्यातून तयार होतं. धागा कमी म्हणजे रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि पोटातली आंबटाई मारणारा सोडा लाळेतूनच येतो. त्यात उन्हाने धापा टाकून, लाळ गाळून आहे तो सोडाही बाहेर जातो. वर खुराक तेवढाच चालू. मग फॅट पडणार नाही तर काय? पातळ शेण हेच सांगतंय.

लसीने एखाद-दोन दिवस दूध थोडं कमी होतं, महिनाभर फॅट पाडण्याइतकी ताकद तिच्यात नाही. लस चुकवू नका, दर सहा महिन्यांनी घ्याच.

चाळिशीपार_गोठा (कोल्हापूर):

डॉक्टरसाहेबांनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडं दसऱ्याच्या आगंमागं हेच रडगाणं असतंय वहिनी. कापलेलं गवत लगेच गव्हाणीत टाकू नका, सकाळचं कापलेलं संध्याकाळपर्यंत पसरून सुकवा, पाणी उडू दे. मग कडबा आणि गवत दोन्हीची कुट्टी मिसळून घाला, वेगवेगळं घातलं की म्हैस हिरवं खाऊन कडबा ढकलून टाकते बाजूला. आणि कुट्टी पार पीठ करू नका, बोटाच्या दोन पेराएवढी तरी राहू दे, नाहीतर रवंथ कशाचा करणार. कडबा महाग आहे कबूल, पण तुम्ही फॅटमागं किती पैसे कापून देताय त्याचा हिशेब काढा की एकदा, हिशेब तुम्हीच बघता म्हणताय. आमच्याकडं तरी कडबाच स्वस्त पडला.

खाण्याचा सोडा म्हशीमागं पन्नास ग्रॅमपासून सुरू करा, खुराकात मिसळून, दोन वेळात विभागून. किती वाढवायचा ते डॉक्टरांना विचारून.

शॉर्टकट_सिंग:

एवढं काय डोकं लावताय, धारेच्या आधी एक सुई मारा, कास पूर्ण मोकळी होते, शेवटच्या धारेत फॅट जास्त असतं.

जनावरांचा_डॉक्टर (निवृत्त):

शेवटच्या धारेत फॅट जास्त असतं हे एवढंच खरं. बाकी ताई, सुईच्या नादी लागू नका. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. कास मोकळी करायची तर पाच मिनिटं कोमट पाण्याने धुवा, खुराक पुढे ठेवा, धार काढणारा माणूस रोज तोच ठेवा आणि त्याला घाई करू देऊ नका. रात्री अडीच-तीनला धारेला बसलेला माणूस पेंगत असतो आणि शेवटची धार तशीच सोडून उठतो, हे मी मुंबईतल्या तबेल्यांत बरंच पाहिलंय. तुमच्याकडे असंच आहे असं म्हणत नाही, पण एकदा उभं राहून बघायला हरकत नाही.

तबेल्याची_सून:

सुई आमच्याकडे सासऱ्यांनी कधीच येऊ दिली नाही, तो प्रश्न नाही. रात्रीच्या धारेला नवरा असतो, त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला मी पेंगत नाही, मग दोन मिनिटांनी म्हणाला आज बघतो.

उन्हाचं काय करू? पंखे थोडेच आहेत, सगळ्या तबेल्याला बसवायचे तर मोठा खर्च. आणि मुंबईत एवढा दमटपणा की पाणी मारलं तरी अंग वाळतच नाही.

चाळिशीपार_गोठा (कोल्हापूर):

अंग वाळत नाही म्हणूनच गार लागत नाही. पाणी मारायचं आणि वाऱ्याने ते उडवायचं, दोन्ही मिळून काम होतंय, नुसतं पाणी मारून ओलं ठेवलं तर दमटपणा अजून वाढतो आणि खाली चिखल. आहेत तेवढे पंखे ताज्या व्यालेल्या म्हशींवर लावा, भाकड आणि जुन्या वेताच्या मागं ढकला. पत्र्यावर वरून चुना मारा किंवा पेंढा पसरा. खुराक दुपारी देऊ नका, पहाटे आणि रात्री गारव्यात द्या. म्हशीला घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी आणि कातडी काळी, तिला डबकंच पाहिजे असतं, ते तुमच्या मुंबईत कुठून आणणार.

जनावरांचा_डॉक्टर (निवृत्त):

पिण्याचं पाणी दिवसभर पुढे ठेवा. एरवी म्हैस सत्तर-ऐंशी लिटर पिते, या दिवसांत त्याहून जास्त. दोन वेळा बादली दाखवून भागत नाही. बायपास फॅट वाईट नाही, दुभत्या म्हशीला रोज शंभर-दीडशे ग्रॅम देतात, पण चाऱ्यात धागा नसताना नुसती ती पावडर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी चारा, मग सोडा, मग राहिलंच काही कमी तर पावडर, तीही फक्त ताज्या म्हशींना. आणि दुकानदाराने स्वस्तात साधं तेल पाजा म्हटलं तर ऐकू नका, जास्त तेलाने पोटातले जिवाणू मरतात आणि चारा पचत नाही.

शंका राहिली तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, १८८६ पासूनचं कॉलेज आहे. १९६२ या टोल-फ्री नंबरवरही फोन करू शकता.

वाड्याची_वहिनी:

ताई, आमच्याकडे वाड्याला भातकापणी सुरू झालीय, पेंढा घेऊन टेम्पो तुमच्याकडेच येतील थोड्या दिवसांत. कडब्याला पर्याय म्हणून पेंढा घ्यायचा मोह होईल, घ्या, पण वाळलेलाच घ्या. यंदा कापणीच्या वेळी पण सरी येतायत, ओल्या भाताच्या गंजी लागल्या की आतून काळी-पांढरी बुरशी धरते. तसला पेंढा म्हशीला सतत घातला की शेपटीचं टोक, कानाची टोकं, खुराच्या वर कातडी सडत जाते, डेगनाला रोग म्हणतात त्याला. आमच्या शेजारी झालेलं बघितलंय, म्हैस उभी राहीना. भारा फोडून मध्ये हात घाला, गरम लागला किंवा कुबट वास आला तर परत पाठवा, स्वस्त देतोय म्हणून ठेवून घेऊ नका. सरकी पेंडीचं पण तेच, पावसाळ्यात भिजलेल्या गोण्या आत्ता विकायला काढतात लोक.

आणि पेंढ्यात दम काही नसतो, पोट भरतं एवढंच. कडब्याची बरोबरी नाही.

लॅबवाला_आजोबा:

मी दुधातला नाही पण आयुष्य प्रयोगशाळेत गेलं म्हणून लॅक्टोमीटरबद्दल बोलतो. तो ठराविक तापमानाला आखलेला असतो, कोणता ६० फॅरनहाइटला तर कोणता ८४ ला, त्याच्या काचेवर लिहिलेलं असतं. तुमचं दूध पहाटे काढून थेट सोसायटीत जातं म्हणजे कोमट, वर त्यात हवेचे बुडबुडे. कोमट दुधात बुडवला की आकडा कमीच दाखवणार आणि तुमचे काका म्हणणार पाणी. दूध तासभर राहू दे, हलवून त्या तापमानाला आणू दे, मग बघू दे. अजून मजेची गोष्ट, दुधातलं फॅट कमी झालं तर लॅक्टोमीटरचा आकडा थोडा वर जातो, खाली नाही. म्हणजे ज्या गोष्टीवरून भांडण चाललंय ती त्या यंत्राला कळतच नाही.

दुसरं, रतीबाचं दूध मोठ्या कॅनमधून मापाने देता ना? दूध तसंच राहिलं की फॅट वर येतं. ढवळलं नाही तर वरून माप घेतलेल्या पहिल्या बिल्डिंगला मलई आणि शेवटच्या बिल्डिंगला ताक. तक्रारी कोणत्या घरांच्या आहेत ते एकदा रूटप्रमाणे लावून बघा.

तबेल्याची_सून:

आजोबा, मी आत्ताच ग्रुप उघडून बघितलं. तक्रारीवाली जवळजवळ सगळी घरं रूटच्या शेवटच्या दोन बिल्डिंगमधली आहेत, लॅक्टोमीटरवाले काका धरून!! पोराला ढवळणं दिलंय, प्रत्येक बिल्डिंगला ढवळून मगच माप घ्यायचं. डेअरीचा आकडा तरी खाली आहेच म्हणा, ते ढवळून सुटणार नाही.

कडब्याचा हिशेब पण मांडला. कापलेले पैसे बघून सासरेच म्हणाले भिवंडीकडून एक गाडी मागवू, अर्ध्या म्हशींना आधी सुरू करू आणि दोन्हीकडचं दूध वेगळं लावून बघू, म्हणजे कडब्याने वाढलं की वेताने ते कळेल. गवत सुकवायला जागा नाही, तबेल्याच्या मागच्या पत्र्यावर टाकतोय. मागच्या बाजूला अंधार पडल्यावर कोणी जात नाही, बिबट्या फिरतो, म्हणून चारच्या आत उचलावं लागतं. पावडरवाल्याला दिवाळीनंतर ये सांगितलं.

वाड्याच्या वहिनी, वाळका पेंढा असेल तुमच्या ओळखीत तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टेम्पोभाडं आम्ही बघू.

आणि जाता जाता, विषय वेगळा आहे पण नवीन धागा काढत नाही. वसुबारसेला पूजेसाठी गाय-वासरू द्या म्हणून दोन सोसायट्या मागे लागल्यात, आमच्याकडे नुसत्या म्हशी. म्हैस आणि रेडकू चालेल का विचारलं तर ग्रुपवर कोणीच उत्तर देत नाहीये. गोरेगाव-जोगेश्वरीकडे कोणाकडे शांत स्वभावाची गाय असेल तर कळवा, सकाळी दोन तासांसाठी हवी आहे.